नाशिकहून ऑपेराच्या रंगमंचाकडे : सोप्रानो होऊ पाहणाऱ्या मुलीसाठी आणि तिच्या घरच्यांसाठी

दर वर्षी शाळा सुरू होण्याच्या सुमारास दोन-तीन पालक आपल्या मुलीला घेऊन शरणपूर रोडवरच्या माझ्या शिकवणीच्या खोलीत येतात. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असते, शाळेच्या किंवा चर्चच्या गायनवृंदात वरच्या पट्टीत सहज गात असते, आणि तिचा आवाज ऑपेराला, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकाला, साजेसा आहे असे कोणीतरी तिच्या मनात भरवलेले असते. चहा येईपर्यंत वडिलांचा प्रश्न येतोच : “मॅडम, किती वर्षं लागतील?” दहा ते बारा, असे मी सांगते, आणि त्यांतली पहिली चार-पाच वर्षे नाशिकमध्ये राहूनच काढावीत, हेही सांगते. मुलगी हिरमुसते, कारण तिने ऐकलेल्या गाण्यांत आणि तिला पहिल्या वर्षी मिळणाऱ्या गाण्यांत फार अंतर असते. पण या व्यवसायात मुलीने कोणत्या वयात कोणत्या भूमिकेला नकार दिला, यावरच तिचा आवाज पन्नाशीपर्यंत टिकणार की तिशीतच उतरणार हे बहुतांशी ठरते. पुढे लिहिलेले सगळे मार्गदर्शन याच एका समजुतीवर उभे आहे.

आधी आवाज ओळखा

सोप्रानो हा स्त्रीच्या गळ्याचा सर्वांत उंच प्रकार. घरच्या पेटीवर तो सहज समजून घेता येतो. मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून दोन सप्तके वरच्या पांढरी एकपर्यंत, म्हणजे सेकंदाला सुमारे २६२ कंपनांपासून १०४७ कंपनांपर्यंत, सोप्रानोचे नेहमीचे क्षेत्र असते. मोत्सार्टच्या ‘मायावी बासरी’ या १७९१ च्या ऑपेरातील रात्रीच्या राणीला त्याहीवर पांढरी चारपर्यंत जावे लागते. आपल्याकडे शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या मुली बहुधा काळी चार किंवा काळी पाचमध्ये षड्ज लावतात आणि तो मधल्या पांढरी एकच्याही खाली असतो. काळी चारमध्ये गाणारीचा तार पंचम ज्या काळी दोनवर येतो, तिच्या लगेच वर, पांढरी तीन ते काळी तीनच्या दरम्यान, सोप्रानोच्या गळ्यातला मोठा बदल घडतो. इटालियन शिक्षक या टप्प्याला ‘पासाज्जो’ म्हणतात. तो टप्पा आवाज न फुटता, न ओरडता, एकाच रंगात ओलांडता येणे हे पहिल्या पाच वर्षांचे खरे काम असते.

म्हणून ज्या मुली आधी शास्त्रीय संगीत शिकल्या आहेत, त्यांना मी ते सोडायला सांगत नाही, पण दोन्ही रियाझ एकाच दिवशी करू नयेत असे आवर्जून सांगते. शास्त्रीय तालमीने कान तयार झालेला असतो, श्वास लांबतो, लयीची भीती नसते. हे फार मोठे भांडवल आहे. मात्र छातीचा भरीव आवाज वर ओढत नेण्याची जी सवय लागलेली असते, ती सोप्रानोच्या वरच्या सप्तकात घात करते. तिथे डोक्यातून येणारा हलका आवाज वाढवत न्यावा लागतो आणि तो सुरुवातीला मुलीला स्वतःलाच दुबळा वाटतो. तो वर्षभर दुबळाच राहू द्यावा. घाईने त्यात जोर भरला, की पुढची दोन वर्षे तो जोर काढण्यात जातात.

ऑपेरात माइक नसतो. साठ-सत्तर वादकांच्या वाद्यवृंदावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे ते शरीरातील पोकळ्यांच्या घुमाऱ्यावर. सोप्रानो वरच्या सुरांवर जबडा अधिकाधिक खाली सोडते, कारण तोंडाच्या पोकळीचा स्वतःचा सूर गायच्या सुराच्या जवळ आणला की तोच आवाज कमी कष्टात मोठा होतो. त्यामुळेच फार उंच सुरांवर शब्द नीट कळत नाहीत. तो गायिकेचा दोष नसतो, आणि पालकांनी “शब्द स्पष्ट म्हण” असा आग्रह त्या सुरांवर धरू नये.

नाशिकमधली वर्षे

पहिले काम गायनवृंदात नाव घालण्याचे. चर्चमध्ये, मग ते शरणपूरचे असो वा त्र्यंबक नाक्याकडचे, उपासनेला चार आवाजांत गाण्याची परंपरा असते, आणि रेव्हरंड टिळकांची मराठी भजने ऐकत वाढलेल्या कानांना ती परकी वाटत नाही. शेजारी आल्टो, म्हणजे खालच्या पट्टीतला स्त्री-आवाज, वेगळी ओळ गात असताना आपली ओळ न सोडणे हे एकट्याने घरी शिकता येत नाही. पुढे ऑपेरात सहा जण एकाच वेळी सहा वेगळ्या गोष्टी गात असतात, तेव्हा ही सवय कामाला येते.

दुसरे काम स्वरलिपी वाचण्याचे. ज्या गावात विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरार्धात आश्रम स्थापन केला, तिथे संगीत कागदावर उतरवण्याचे मोल वेगळे सांगायला नको. पाच रेषांची पाश्चात्त्य स्वरलिपी ऐकून पाठ करण्याच्या सवयीपुढे कंटाळवाणी वाटते, तरी रोज वीस मिनिटे दिली तर दोन वर्षांत हाताशी येते. सोबत पियानोची किमान ओळख हवी. महागडा पियानो घेण्याची आवश्यकता नाही. वजनदार पट्ट्यांचा साधा डिजिटल पियानो पुरेसा होतो.

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या परीक्षासंस्थांच्या गायनाच्या पहिली ते आठवी श्रेणीपरीक्षा द्याव्यात, कारण त्यामुळे अभ्यासाला मोजमाप मिळते. एबीआरएसएमच्या सहावीपासून पुढच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसण्यासाठी आधी पाचवीची संगीतसिद्धान्ताची (थिअरी) किंवा तिला पर्यायी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, हे अनेकांना उशिरा कळते आणि एक वर्ष वाया जाते. मात्र आठवीचे प्रमाणपत्र म्हणजे ऑपेराची दारे उघडली, असे समजू नये. परदेशातील परीक्षक प्रमाणपत्र पाहत नाहीत, आवाज ऐकतात.

रियाझाचे वेळापत्रक वयाप्रमाणे असावे. पंधराव्या वर्षी वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका पुरतात. अठराव्या वर्षी दिवसाला एक ते सव्वा तास, तोही तुकड्यांत. फरशीच्या न्हाणीघरात गाऊ नये, कारण तिथला घुमारा आवाजाला खोटी शाबासकी देतो. कपड्यांचे कपाट आणि गाद्या असलेल्या खोलीत आवाज कोरडा ऐकू येतो आणि चुका लपत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची पहाटेची हवा थंड आणि कोरडी असते, तेव्हा उठल्या उठल्या न गाता, वाफ घेऊन, पाणी पिऊन, तासाभराने सुरुवात करावी. रात्री अकराला झणझणीत जेवून लगेच झोपणाऱ्या मुलीचा आवाज सकाळी जड असतो, कारण पोटातले आम्ल वर येऊन स्वरयंत्राला सूज आणते. मिसळ खायचीच असेल तर रविवारी सकाळी खावी. ढोल पथकात वाजवणाऱ्या मुलींनी कानात बोळे घालावेत आणि ढोलाच्या आवाजावर ओरडून बोलू नये. रंगपंचमीला रहाडीवर, म्हणजे रंग खेळायच्या जुन्या हौदावर, दिवसभर ओरडून आवाज बसवून घेतलेली एक चांगली मुलगी दुसऱ्या आठवड्यातल्या परीक्षेला मुकली होती. आता मी रंगपंचमीच्या आधी प्रत्येकीच्या आईला फोन करते.

इटालियन शिकवताना मला मराठीचा जो उपयोग होतो, तो मी कोणत्याही पुस्तकात वाचलेला नाही. गेल्या पावसाळ्यात एक विद्यार्थिनी ‘रात्र’ या अर्थाचा इटालियन शब्द ‘नोटे’ असा गात होती, कारण कागदावर इंग्रजी अक्षरे दिसली की आपली जीभ आपोआप ट-ड कडे वळते. मी तिला म्हटले, “इंग्रजी विसर. ‘पत्ता’ म्हण, ‘सत्ता’ म्हण, आणि आता तोच त्त इथे लाव.” तिने ‘नोत्ते’ म्हटले आणि पुढचा वरचा सूर, जो पंधरा मिनिटे अडत होता, मोकळा लागला, कारण जीभ मागे वळून घसा आवळत होती ती दातांजवळ आली होती. इटालियनचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, जोडाक्षरावर थांबायची सवय आपल्याला जन्मजात आहे, आणि स्वरही मराठीसारखे स्वच्छ आहेत. जर्मनमधला ‘त्स’ तर ‘चांगला’ किंवा ‘चमचा’मधल्या च च्या अगदी जवळचा, जो हिंदीभाषक मुलींना कष्टाने साधावा लागतो. जर्मनच्या वेगळ्या स्वरासाठी ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची ठेवावी. फ्रेंचचे नासिक्य स्वर मात्र अनुनासिकाने भागत नाहीत. त्यासाठी शिक्षकच हवा. जर्मनसाठी मुंबई-पुण्यातील मॅक्स म्युलर भवन आणि फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज यांचे वर्ग चांगले असतात आणि बारावीनंतर तरी भाषेचा अभ्यास सुरू झालाच पाहिजे.

पंधरवड्याला मुंबई

सोळाव्या-सतराव्या वर्षी मुंबईतल्या अनुभवी गुरूकडे महिन्यातून दोनदा जाणे सुरू करावे. नाशिक रोडहून सकाळी सातच्या सुमाराला निघणारी पंचवटी एक्सप्रेस पावणेअकराच्या आसपास मुंबईला पोहोचते आणि संध्याकाळी तीच परत आणते. गाडीत गप्पा मारू नयेत. गोंगाटावर बोलताना नकळत आवाज चढतो आणि शिकवणीच्या दारातच गळा थकलेला असतो. दोन तास वही काढून शब्दांचा अर्थ लिहावा.

मुंबईला गेल्यावर फक्त शिकवणी करून परतणे हा अपव्यय आहे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ मध्ये स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफली होतात. जमशेद भाभा नाट्यगृहात बसून वाद्यवृंदावरून आवाज कसा येतो ते एकदा ऐकले की मुलीच्या मनातले निम्मे गैरसमज गळून पडतात. चर्नी रोडजवळचे रॉयल ऑपेरा हाऊस १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते सुरू झाले, १९९३ मध्ये बंद पडले आणि जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडले. त्या वेळी तिथे गायल्या त्या पॅट्रिशिया रोझारिओ. १९६० मध्ये मुंबईत जन्मलेली, लंडनच्या गिल्डहॉल या संगीत-नाट्य विद्यालयात शिकलेली ही सोप्रानो. संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी तिच्या आवाजासाठी अनेक रचना केल्या. तिने आणि तिचे पती, पियानोवादक मार्क ट्रूप यांनी भारतातील तरुण गायकांना शिकवण्याचा उपक्रम चालवला. मुंबईत कोणतीही खुली कार्यशाळा असेल तर प्रेक्षक म्हणून तरी जावे. दुसऱ्याची चूक सुधारली जाताना पाहणे स्वस्तात मिळालेले शिक्षण असते.

नकाराचे वेळापत्रक

पहिल्या दोन-तीन वर्षांत सतराव्या-अठराव्या शतकातील इटालियन गीते आणि इटालियन गायनशिक्षक वाक्काई यांचे १८३२ चे स्वराभ्यास एवढेच गावे. त्यानंतर मोत्सार्ट. वीस ते पंचविशीत ‘फिगारोचे लग्न’मधली छोटी बार्बरीना, मग सुझान्ना, ‘डॉन जोव्हान्नी’तली झेर्लिना या हलक्या, चपळ भूमिका, आवाजात उब आली तर ‘मायावी बासरी’तली पामिना. तिशीच्या आसपास पुच्चिनीच्या ‘ला बोएम’मधली मिमी किंवा बिझेच्या ‘कार्मेन’मधली मिकाएला. टोस्का आणि मादाम बटरफ्लाय यांना बहुतेक आवाजांनी पस्तिशीपर्यंत हात लावू नये, आणि तुरांदोत किंवा वाग्नरच्या ब्रुनहिल्डेला तर फार थोडे आवाज जन्मतःच योग्य असतात. सुझान्ना रंगमंचावर जवळपास पूर्ण वेळ असते आणि रात्रीच्या राणीच्या वाट्याला दोनच एकल गीते येतात, तरी दोन्हींचा ताण वेगळा. भूमिका लांब की आखूड यापेक्षा ती गळ्याच्या कोणत्या भागात किती वेळ ठेवते, हे स्वरलिपीवर बोट ठेवून पाहावे.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण मी स्वतः ते पाळले नाही. एकविसाव्या वर्षी एका आयोजकांच्या आग्रहाखातर मी मोठ्या सभागृहात टोस्काचे गीत गायले, टाळ्या मिळाल्या, आणि लागोपाठ चार कार्यक्रमांत तेच गायले. माझ्या तेव्हाच्या गुरूंनीही थांबवले नाही. तीन महिन्यांनी बोलतानाही आवाज चिरकू लागला. स्वरतंतूंवर गाठी आल्याचे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दाखवले. सहा आठवडे मौन आणि पुढे अनेक महिने वाचा-उपचार यांनी गाठी गेल्या, पण वरचे तीन सूर परत आले नाहीत. म्हणून आवाज दोन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरा राहिला तर हळद-दुधावर न थांबता डॉक्टरांकडून स्वरतंतू दुर्बिणीने तपासून घ्यावेत, आणि निरोगी असतानाही एकदा तपासून ते चित्र जपून ठेवावे, म्हणजे पुढे तुलना करता येते.

परदेश आणि पैसा

बारावीनंतर किंवा पदवीनंतर संगीत विद्यापीठाचा प्रश्न येतो. माझा कल पदवीनंतर जाण्याकडे आहे. बावीसच्या आसपास आवाज स्थिरावू लागतो आणि मुलगी एकटी राहायला समर्थ असते. मात्र जर्मनीत अनेक ठिकाणी गायनाच्या पदवीप्रवेशाला पंचविशीच्या आत वयोमर्यादा असते, ती आधीच तपासावी. इंग्लंडमधील रॉयल अकॅडमी, रॉयल कॉलेज, गिल्डहॉल किंवा मँचेस्टरची रॉयल नॉर्दर्न येथील शिक्षण उत्तम, पण परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क मध्यमवर्गीय घराला पेलणारे नसते. जर्मनीतील सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १५०० युरो पडतात. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२ हजार युरो विशेष खात्यात आधी ठेवावे लागतात, आणि खरा प्रश्न तिथेच असतो. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती, इनलॅक्स शिवदासानी प्रतिष्ठान, आणि इंग्लंडसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट यांच्या अटी दोन वर्षे आधी वाचून ठेवाव्यात. शेत किंवा घर गहाण ठेवून पहिल्याच प्रयत्नाला जाऊ नये. आधी स्वतः एकदा प्रवेशपरीक्षा देऊन, तिथल्या प्राध्यापकाकडे एक चाचणी-शिकवणी घेऊन, मग ठरवावे. गुरू कोण मिळणार, हे विद्यापीठाच्या नावापेक्षा महत्त्वाचे असते.

ध्वनिचित्रफीत बहुतेक ठिकाणी पहिल्या फेरीला लागते. ती एकाच सलग टेकमध्ये, जिवंत पियानोसाथीवर, कॅमेरा आणि माइक अडीच-तीन मीटरवर ठेवून, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत दिसेल अशी करावी. स्टुडिओतला घुमारा, सूर सुधारणारे सॉफ्टवेअर, पार्श्वभूमीला फुलांची सजावट यांतले काही नको. नाशिकमध्ये चांगला पियानो आणि सरावलेला साथीदार मिळणे कठीण, म्हणून चित्रीकरण मुंबईत, नेहमीच्या साथीदाराबरोबर करावे आणि त्यासाठी दोन पूर्ण दिवस राखून ठेवावेत.

ऑडिशनला पाच गीते तयार लागतात : इटालियन, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी यांतली, त्यांत एक मोत्सार्टचे. पहिले गीत गायिका निवडते, दुसरे परीक्षक सांगतात. म्हणून जे गीत ताप असतानाही बिनचूक येते ते पहिले ठेवावे आणि ज्याची भीती वाटते ते यादीत ठेवूच नये. पियानोवादकासाठी पाने पाठपोट छापून, छिद्रे पाडून, फाइलमध्ये लावावीत, वगळलेल्या ओळी ठळक खुणांनी दाखवाव्यात, आणि गाण्यापूर्वी लय त्याला गुणगुणून सांगावी, टिचक्या वाजवून नव्हे. त्या उद्धट समजल्या जातात. सुटे कागद पंख्याने उडाल्यामुळे थांबलेली ऑडिशन मी पाहिली आहे.

पहिला करार

शिक्षणानंतरची पायरी म्हणजे मोठ्या संस्थांचे तरुण कलाकारांसाठीचे उपक्रम, जसे लंडनच्या रॉयल ऑपेराचा जेट पार्कर किंवा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनचा लिंडेमान, आणि जर्मनीतील ऑपेरा स्टुडिओ. स्पर्धाही असतात : १९८३ पासूनची कार्डिफ सिंगर ऑफ द वर्ल्ड, प्लासिदो दोमिंगो यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली ओपरालिया, जिला १८ ते ३२ वर्षांची वयोमर्यादा आहे. स्पर्धेत जिंकण्यापेक्षा परीक्षकांत बसलेल्या ऑपेरागृहांच्या निर्मात्यांनी आपल्याला ऐकणे मोलाचे, त्यामुळे उपांत्य फेरीत बाद झालेली मुलगीसुद्धा काम घेऊन परतू शकते.

जर्मनीत सुमारे ऐंशी सरकारी अनुदानित ऑपेरागृहे आहेत आणि त्यांतली बरीच गायकांना मासिक पगारावर ठेवतात. लहान शहरातला असा करार मला पहिल्या नोकरीसाठी सर्वोत्तम वाटतो. विमा, पगार, वर्षाला सहा-सात भूमिका आणि रंगमंचावर उभे राहण्याची सवय, सगळे एकत्र मिळते. तेथील सरकारी कलाकार-नियोजन कार्यालय होतकरू गायकांना ऐकून विनामूल्य ऑपेरागृहांकडे पाठवते. स्वतंत्र कामात मात्र बहुधा प्रयोगामागे मानधन असते, चार ते सहा आठवड्यांच्या तालमीचे वेगळे पैसे अनेकदा नसतात, आणि आजारी पडून प्रयोग चुकला तर त्या रात्रीचे मानधनही जाते. म्हणून पहिल्या स्वतंत्र वर्षासाठी सहा महिन्यांचा खर्च हाताशी असावा, आणि करारातील रद्द करण्याची कलमे सही करण्यापूर्वी जाणकाराला दाखवावीत. पगारी करारातही एक जोखीम असते : संचालक वेळ भागवण्यासाठी तरुण सोप्रानोला जड भूमिका देऊ करतो. करार करतानाच कोणत्या प्रकारच्या भूमिका मिळतील ते लेखी घ्यावे. राखीव गायिका म्हणून भूमिका शिकायला मिळाली तर आनंदाने घ्यावी, कारण मुख्य गायिकेचा घसा बसल्याचा फोन दुपारी चारला येतो आणि पडदा साडेसातला उघडतो.

मुलगी सुट्टीत घरी आली की नाशिककर तिचे गाणे ऐकायला उत्सुक असतात. कालिदास कलामंदिरात कार्यक्रम ठरवला तर ध्वनिव्यवस्थापकांना आधीच भेटून माइक बंद राहील हे पक्के करावे. अखेरच्या क्षणी कोणीतरी प्रेमाने तो समोर आणून ठेवतोच. उंच छताचे चर्च मिळाले तर त्याहून बरे. पियानो बाहेरून आणावा लागेल. तो आदल्या दिवशी आणून रात्रभर त्याच जागी ठेवावा, कारण हवा बदलली की तारा उतरतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या सप्तकातली पांढरी सहा ४४० कंपनांवर येईल असा लावून घ्यावा. तालमीला वीस मिनिटे पुरतात. तेवढ्या वेळात आईला शेवटच्या रांगेत बसवावे आणि हलक्यात हलका सूर तिथे पोहोचतो का, ते विचारावे.